श्ट्रोहेकरांच्या पानावरची धर्ममाता

त्या रविवारी मी चर्चमागच्या दप्तरखोलीत गेले, ती फक्त बाप्तिस्म्याच्या जुन्या वहीतलं एक पान उतरवून घ्यायला. अर्लीनच्या, म्हणजे माझ्या बहिणीच्या मुलीच्या तान्हीचा अकरा वाजता बाप्तिस्मा होता. नंतरच्या जेवणात तिच्या नवऱ्याच्या, हार्लनच्या घराण्याची, श्ट्रोहेकरांची वंशावळ सगळ्यांपुढे मांडायचं मी कबूल केलं होतं. तीस वर्षं मी या खोऱ्यातल्या जर्मन घराण्यांची मुळं खणते आहे. आपला खापरपणजोबा ऱ्हाइनकाठच्या कुठल्या गावातून, कुठल्या जहाजाने आला, हे लोक मला रस्त्यात अडवून विचारतात, आणि मीही अडवून घेते.

बाळाचं नाव मीच शोधून दिलं होतं. ओटिलिया. पेनसिल्व्हेनियात जन्मलेली श्ट्रोहेकरांची पहिली मुलगी, १७४९ सालची. "बरं झालं मावशी," अर्लीन म्हणाली होती, "नाहीतर या घरात आणखी एक सूझन झाली असती." मात्र मी पानाची पहिली ओळच वाचली होती. समास आणि खालचा भाग मेणबत्तीच्या मेणाने पुढच्या पानाला चिकटलेला, आणि मला घाई. याच घाईसाठी मी शिकाऊ लोकांना झापत असते.

खोलीत गारठा होता. जुन्या मेणाचा आणि ओल्या लोकरीचा वास कोंडला होता. भिंतीपलीकडे प्रार्थना चालू होती. ऑर्गनचा घुमार टेबलाच्या फळीतून माझ्या कोपरापर्यंत येत होता. मी पातळ सुरी घेऊन मेण हलक्या हाताने सोडवू लागले.

आमच्या चर्चमध्ये प्रत्येक घराण्याला वेगळं पान असतं. एका ओळीत बाळाचं नाव, तारीख आणि शेवटी धर्ममाता, म्हणजे बाप्तिस्म्याला बाळाला हातावर घेऊन उभी राहणारी बाई. बाळ दगावलं की समासात क्रूस.

पान सुटलं. ओटिलिया, १७४९. समासात क्रूस. खाली ओटिलिया, १७५१. क्रूस. यात दचकण्यासारखं काही नव्हतं. मूल गेलं की पुढच्याला त्याचंच नाव ठेवायचं, ही आमच्या लोकांची जुनी रीत. १७५४. १७५६. मग नातवंडांमध्ये १७८३. मग १८११. सहा ओटिलिया, सहा क्रूस. एकीनेही पहिला वाढदिवस पाहिला नव्हता.

आणि सहाही जणींची धर्ममाता तीच. ओटिलिया केमरर, अविवाहित.

आत्याचं नाव भाचीला, भाचीचं तिच्या भाचीला, असं चालतंच, या वेगवेगळ्या बायका असतील, मी स्वतःला समजावलं. पण बाईला लिहिता येत नव्हतं. नावापुढे तिने निशाणी केली होती. एक उभी रेघ, खाली कोयत्यासारखं वळण, आणि वळणात एक ठिपका. बासष्ट वर्षं तोच हात, तोच ठिपका.

शेवटची ओळ १८१३ची होती. सूझन. धर्ममाता दुसरीच कुणी. ही सूझन ऐंशी वर्षं जगली. त्यानंतर श्ट्रोहेकरांनी प्रत्येक मुलीचं नाव सूझनच ठेवलं. आम्ही ज्याला हसत होतो, ती कुणीतरी विचार करून दाराला घातलेली कडी होती. आणि ती मी काढली होती.

पलीकडे ऑर्गन थांबला.

मधलं दार थंडीने आवळून बसलं होतं. मी कोट न घालताच बाहेर पडले आणि बर्फातून चर्चला वळसा घालून धावले. माझं वय धावण्याचं नाही. आत शिरले तेव्हा पास्टर क्लाइन हात पुसत होते, आणि बाळ मुळीच रडत नव्हतं.

"अर्लीन... धर्ममाता कोण उभी राहिली?"

"अगं, रूथ यायची होती ना, हार्लनची बहीण. तिची गाडी बर्फात अडकली. मग मागच्या बाकावरची एक आजी उठली. म्हणाली, मी घरचीच आहे."

"कुणाच्या घरची?"

"हार्लनकडची असेल."

हार्लनने मान हलवली. "मला वाटलं, ही तुमच्याकडची..."

"कुठे गेली ती?"

"वहीत निशाणी करायला," पास्टर हळू म्हणाले. "आत्ता तर इथंच होती."

मी बाळाच्या शालीला नाक लावलं. नुकत्याच उकरलेल्या मातीचा वास होता. जमीन गोठून महिना झाला होता.

सध्याची वही बाप्तिस्म्याच्या पात्राशेजारी उघडी होती. श्ट्रोहेकरांचं पान. ओटिलिया, आजची तारीख, आणि धर्ममातेच्या रकान्यात रेघ, वळण, ठिपका. त्याखालची ओळ कोरी होती. नाव नाही, तारीख नाही. ती अर्लीनच्या पुढच्या बाळाची ओळ. तिच्याही शेवटच्या रकान्यात तीच निशाणी होती.

"मावशी, अशी काय बघतेस?" अर्लीनने विचारलं. मी वही तिच्या नजरेआड सरकवली.

आता बाळ आठ महिन्यांचं झालं आहे. मी हट्टाने तिला सूझन म्हणते. अर्लीन वैतागते. "नाव तूच दिलंस ना?" म्हणते. दर रविवारी सगळे गेले की मी वही उघडून समास बघते. तो अजून कोरा आहे. वरची निशाणी केव्हाच वाळली. खालच्या निशाणीला मी बोट लावून बघते, आणि दर वेळी बोटाला शाई लागते.