आठ पॉइंट चारचे दहा पॉइंट सहा

कॉपी मशीनमधून माझ्या वर्कशीट्सऐवजी भलताच कागद निघाला. टेक्ससमधल्या शुगर लँडच्या एका शाळेने केदारला दिलेलं ऑफर लेटर! मी ते वाचतच होते, तेवढ्यात तो मागे येऊन उभा राहिला. केसांवर आमच्या बॉथेल गावच्या पावसाची भुरभुर, हातात कॉफी.

"आसावरी... ते माझं आहे."

"हो का? अभिनंदन!" कागद त्याच्या हातात कोंबला आणि मी तरातरा निघाले.

"अगं, ऐक तरी—"

"तास आहे माझा!"

केदार शेजारच्या वर्गात फिजिक्स शिकवतो. वर्षभर रोज सकाळी तो माझा वजनकाटा मागायला येतो आणि मी रोज कुरकुरत देते. आवडतो मला तो. चांगलाच आवडतो! पण बोलायचं धाडस काही झालं नाही, आणि आता स्वारी निघाली थेट टेक्ससला.

माझ्या केमिस्ट्रीच्या वर्गात खायचा सोडा तापवायचा होता. त्यातलं पाणी आणि गॅस उडून गेल्यावर किती ग्रॅम उरेल, ते आधी गणिताने काढायचं, मग वजन करून ताडून बघायचं. मी फळ्यावर समीकरण खरडलं, आकडे घातले आणि ठोकून दिलं — आठ पॉइंट चार ग्रॅम घेतले, तर उरतील दहा पॉइंट सहा.

पहिल्या बाकावरच्या केयाने हात वर केला. "मिस, वेट... गॅस निघून गेल्यावर वजन वाढलं कसं?"

पोरं खो खो हसली. अगं बाई! समीकरणात सोड्याच्या आधीचा दोनचा आकडाच मी खाल्ला होता, म्हणून उत्तर दुप्पट आलं होतं. खरे हवे होते पाच पॉइंट तीन. वर दारात केदार, वजनकाटा परत द्यायला आलेला. तो मात्र हसत नव्हता.

लंचला वर्ग रिकामा झाला, तसा तो आत आला.

"वर्षभरात तू एकदाही चुकली नाहीस. आज काय झालं?"

"तू चाललायस, हे झालं!" ...बोलून गेले. आता मागे घेता येणार नव्हतं.

त्याने वजनकाटा टेबलावर ठेवला. "मी त्यांना गेल्या आठवड्यातच नाही म्हटलंय."

"मग प्रिंट कशाला काढलंस?"

"बाबांना दाखवायला. ते टेक्ससलाच असतात, मी तिकडे यावं म्हणून दोन वर्षं मागे लागलेत. प्रयत्न केला होता, एवढं तरी त्यांना कळू दे."

"आणि नाही का म्हटलंस?"

"तिथे तू नाहीस, यार." त्याचे कान लाल झाले. "आमच्या फिजिक्स लॅबमध्ये चार वजनकाटे आहेत, आसावरी."

मी स्टुलावर बसले, हसायला लागले, आणि डोळ्यांत पाणीही आलं. इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू!

"शनिवारी घरी जेवायला ये," मी डोळे पुसत म्हटलं.

"तुझ्या आई-बाबांना काय सांगशील? कोण येतोय म्हणून?"

"ते माझं मी बघते. तू फक्त आता कुठे जाऊ नकोस."