बाजूच्या सीटचा पट्टा

मलप्पाकाकांनी विडी विझवली. पोरं जवळ सरकली. "काका, फेकू नका बरं," एकजण म्हणाला. काका हसले नाहीत. गोष्ट त्यांच्या शेजारच्या वीरण्णाची होती, गेल्या येळवशीच्या, म्हणजे वेळ अमावास्येच्या रात्रीची.

औशाच्या पुढं माळावर छोटी विमानं उडवायला शिकवतात. वीरण्णा तिथं विमानं पुसायचा, संध्याकाळी दोरांनी जमिनीला बांधायचा. त्याचा थोरला भाऊ बसवराज तिथंच शिकून वैमानिक झाला. मधे वर्षभर उडणं सुटलं, म्हणून पुन्हा शिकायला आला. सरांसोबत फेऱ्या झाल्या, की मग एकट्यानं उडायचं. एकटा जाणारा बाजूच्या रिकाम्या सीटचा पट्टा आधी लावून टाकतो. मोकळा राहिला तर विमान वळवायच्या दांड्यात अडकतो. एकदा तुला त्या सीटवर बसवून नेतो, असं त्यानं वीरण्णाला कबूल केलं होतं.

इंजिन सुरू करण्याआधी बसवराज खिडकीतून ओरडायचा, "पंख्याजवळ कोण हाय?" वीरण्णा म्हणायचा, "न्हाई कुणी, अण्णा." त्याशिवाय चावी फिरत नसे. बसवराज एकटाच उडाला, त्या दिवशीही वीरण्णानं ओ दिली. विमान हरभऱ्याच्या रानात पडलं, बसवराज गेला.

त्याला महिना झाला आणि येळवस आली. सगळे रानात आंबील-भज्जी खाऊन दमून झोपलेले. रात्री वारा सुटला. माळावर उरलेल्या एका विमानाचे दोर आवळायला वीरण्णा निघाला, तेव्हा आईनं बजावलं, आज अवस हाय, भूत दोनदाच हाक मारतंय, तिसऱ्या हाकेबिगर ओ देऊ नको.

त्यानं दोन दोर आवळले. तिसऱ्याला हात घातला आणि वारा पडला.

"पंख्याजवळ कोण हाय?"

खिडकी बंद होती. आत कुणी नव्हतं.

वीरण्णानं दात आवळले.

"पंख्याजवळ कोण हाय?"

दुसरी हाक. आईचं बोलणं आठवत होतं. पण तो आवाज...

"न्हाई कुणी, अण्णा."

पंखा हलला. एकदाच. कुलूप घातलेलं दार उघडलं.

वीरण्णाचा पाय पायरीवर होता. कधी ठेवला, कळलं नाही.

"मला बी ने."

आत काळोख. ओल्या हरभऱ्याचा वास. रिकाम्या सीटवर पट्टा मोकळा पडलेला.

पट्टा सरकला. हळू...

टक.

दार मिटलं. वीरण्णा अनवाणी पळत सुटला.

काकांनी नवी विडी पेटवली. कुणीतरी विचारलं, मग?

सकाळी सरांनी कुलूप काढलं. चावी रात्रभर त्यांच्याच उशाशी होती. दोन्ही पट्टे त्यांनी स्वतः मोकळे ठेवले होते.

वैमानिकाचा डावा मोकळाच होता. बाजूच्या सीटचा लावलेला होता. घट्ट आवळून...