चढती प्रत

आमच्या धंद्यात 'गुड' म्हणजे भिकार. बाहेरच्या माणसाला हे सांगून पटत नाही. मिंट म्हणजे कोरी करकरीत, तिच्याखाली नियर मिंट, मग एक्सलंट, मग व्हेरी गुड, आणि जिला कुत्रंही विचारणार नाही ती गुड. मी इंग्लंडातल्या ओल्डहॅममध्ये सदतीस वर्षं पंक गाण्यांच्या जुन्या तबकड्या घेतोय, विकतोय. तबकडी दिव्याखाली तिरकी धरायची, ओरखडा दिसला की त्यावरून हलकेच नख फिरवायचं. नखाला लागला तर सुईलाही लागणार. मग पूर्ण वाजवून बघायची, कारण न वाजवता ठरवलेली प्रत ही नुसती थाप असते. शेवटी चिठ्ठीवर पेन्सिलीनं प्रत लिहायची. वाजली की तबकडी झिजते, प्रत खाली जाते. वर जाताना मी तरी कधी बघितली नव्हती.

या धंद्यात मी पडलो तो एका तबकडीपायी. माझा धाकटा भाऊ लेस्ली 'गॅस मीटर्स' नावाच्या टोळक्यात गायचा. गायचा कसला, बोंबलायचा. १९७९ साली त्यांनी एका गाण्याच्या तीनशे तबकड्या काढल्या. पाकिटं आमच्याच स्वयंपाकघरातल्या टेबलावर आईनं दुमडली, आठवडाभर तिची बोटं शाईनं काळी होती. पुढच्या हिवाळ्यात माळावरच्या रस्त्यावर त्यांची व्हॅन बर्फावरून घसरली. लेस्ली गेला तेव्हा वीस वर्षांचा होता. उरलेले खोके बाबांनी कोणाला न विचारता कचरा डेपोत नेऊन टाकले, आणि त्यानंतर दोन वर्षं आई त्यांच्याशी बोलली नाही. लेस्लीचा आवाज घरात दुसरीकडे कुठेच नव्हता.

यंदा मार्चमध्ये पिलिंग नावाच्या एक बाई नवऱ्याच्या मागे राहिलेला तबकड्यांचा खोका दुकानात घेऊन आल्या. त्यात तळाशी लेस्लीची ती तबकडी होती.

आई तेव्हा चौऱ्याऐंशी वर्षांची. हृदय थकलेलं, उन्हाळ्यापर्यंत काढेल असं डॉक्टर म्हणाले होते. डोकं मात्र लख्ख आणि जीभ त्याहून धारदार. मागच्या खोलीत खिडकीशी पडून असायची आणि एकच हट्ट धरून होती, जायच्या आधी एकदा लेस्ली ऐकायचा. मला तो द्यायचा होता, आणि तिलाही धरून ठेवायचं होतं. बायको गेल्यापासून मला दुसरं माणूस नाही.

तबकडीची दशा वाईट होती. कडेपासून लेबलापर्यंत एक लांब ओरखडा, नखाला कचकन लागणारा. मी चिठ्ठीवर 'गुड' लिहिलं आणि दुपारच्या चहानंतर आईच्या खोलीत लावली. नुसती चरचर, दर फेऱ्याला टक्, दुसऱ्या ओळीवर सुई उडायची. पण त्या गदारोळात लेस्ली होता. आई डोळे मिटून ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "मेला, तेव्हाही बेसूरच होता," आणि रडली.

दुसऱ्या दिवशी परत लावली. सुई उडाली नाही. सुईनं घाण उकरली असेल, असं मी मनाशी म्हटलं. तिसऱ्या दिवशी चरचर निम्मी झाली होती. दिव्याखाली धरली तर ओरखडा अर्ध्यावर संपत होता. मी चिठ्ठीवरचं 'गुड' खोडलं आणि 'व्हेरी गुड' लिहिलं. आयुष्यात पहिल्यांदा मी प्रत वाढवली, आणि खरं सांगतो, आनंदानं नाचायचा बाकी होतो.

पलीकडच्या गल्लीत मॉरिसचं दुकान आहे. त्याला फोन केला. तो म्हणाला की म्हातारपणी नजर गेली की सगळ्याच तबकड्या मिंट दिसतात, तू आता चष्मा बदल. मी त्याला शिव्या घातल्या आणि सहाव्या दिवशी 'एक्सलंट' लिहिलं. लेस्लीचा श्वास ऐकू यायला लागला होता. कडव्याआधी तो दातांतून हवा ओढायचा, ते मी विसरून गेलो होतो.

इथे माझी चूक झाली, आणि ती आमच्याच धंद्यातल्या माणसाकडून व्हावी अशी होती. आठवडाभर मी आईच्या उशाशी बसून कान फक्त तबकडीला लावले. आईकडे माझं लक्षच नव्हतं.

सातव्या दिवशी तिनं पाणी मागितलं. "व्हिक, पाणी दे," म्हणाली. मग परत, "पाणी दे." परत, "पाणी दे." पेला ओठाला लावला तरी थांबेना. मी मनगटावरच्या घड्याळात बघितलं. तीन वेळा म्हणायला बरोबर चार सेकंद. मिनिटाला पंचेचाळीस फेऱ्यांची तबकडी चार सेकंदांत तीनच फेरे मारते.

डॉक्टर आले, मेंदूत छोटी गुठळी असेल म्हणाले. ते गेल्यावर मी आईच्या अंगावरची शाल सारखी केली. कानामागून गळ्यापर्यंत एक बारीक पांढरी रेघ उतरली होती.

मी तिच्यावरून नख फिरवलं.

नखाला लागली.

तबकडी मी दुकानातल्या कपाटात बंद केली. चार दिवस वाजवली नाही. आईचं बोलणं काही सुधारलं नाही. ती छताकडे बघत "लाव, लाव, लाव" म्हणत राहायची, त्याच तालात, आणि प्रत्येक शब्दाच्या आधी घशात टक् असा आवाज. घास गिळता येईना. ती डोळ्यांदेखत चालली होती आणि मी हात चोळत बसलो होतो. चर्चची पायरी कधी न चढलेला मी, त्याच्या दारात जाऊन उभा राहिलो आणि तसाच परत आलो.

पाचव्या दिवशी सकाळी तबकडी घरी आणली. दिव्याखाली धरली. कडेजवळ केसाएवढी एक रेघ उरली होती, बाकी काळीभोर, स्वच्छ. मी खिशातून घराची किल्ली काढली. जगात असलीच तर ही एकच. सदतीस वर्षं जिच्यासाठी झुरलो, तिच्यावर किल्ली टेकवली आणि कडेपासून लेबलापर्यंत ओढली. दात आंबले माझे.

मागच्या खोलीतून आईनं हाक मारली. नीट, एकदाच.

मी धावलो. ती उशीला टेकून बसली होती. गळ्यावरची रेघ गेलेली. मी तिचे हात धरून लहान पोरासारखा रडायला लागलो. तिनं हात सोडवून घेतले.

"काय केलंस रे त्याला?"

"काही नाही गं. तू बरी झालीस."

"लागलं त्याला. ओरडला तो. मी ऐकलंय."

मी म्हटलं, आई, ती तबकडी आहे, प्लास्टिक आहे. ती म्हणाली, "घेऊन ये. लाव. जे असेल ते माझ्याकडे येऊ दे."

"आणि मी?" मी ओरडलो. "मी काय करू? चाळीस वर्षं तुझ्यापाशी मी आहे, तो नाही."

तिनं माझा गाल थोपटला.

"तू मोठा आहेस, व्हिक."

एवढंच. लहानपणी शेवटचं बिस्किट त्याला देताना म्हणायची तसं. मला तिचा राग आला, त्याचा आला, आणि तरी मी उठलो. तिला नाही म्हणायला मला कधी जमलंच नाही.

सुई टेकवली.

एकही टक् नाही. चरचर नाही. लेस्ली खोलीत उभा राहून गात होता.

मी या वेळी तबकडीकडे बघितलं नाही. आईकडे बघत होतो. दुसऱ्या कडव्यात तिचे ओठ हलले. तिसऱ्यात थांबले. गाणं संपलं, सुई आपोआप उठली.

तिचा हात हातात घेतला. दोन मिनिटांपूर्वी माझा गाल थोपटणारा तो हात रात्रभर बाहेर राहिल्यासारखा गार आणि ताठ होता.

बऱ्याच वेळानं मी उठून तबकडी उचलली. किल्लीची खूण नव्हती. मधल्या भोकाभोवती ती एकदा तरी कुठल्या यंत्रावर चढल्याची रेघसुद्धा नव्हती. पण मला हातात आधी जाणवलं ते दुसरंच. ती कोमट होती. माणसाच्या अंगाइतकी.

डॉक्टर येईपर्यंत तासभर मी ती दोन्ही हातांत धरून बसलो. ती गार होईना.