बॉनेटवरचे पाच रविवार

"हे घेऊ नका."

दुकानाच्या मागच्या खोलीतून आधी आवाज आला, मग माणूस. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, तरी ओल्याच. हातात कुठल्याशा पंपाचं उघडलेलं पोट. माझ्याकडे न बघता तो माझ्यासमोरच्या पिवळ्या मशीनकडे बघत होता.

मी प्रेशर वॉशर घ्यायला गेले होते. काउंटरवरच्या गृहस्थांना सगळं गाव मामा म्हणायचं. हा त्यांचा खराखुरा भाचा, मागे बसून दुरुस्ती करणारा.

"का नको?" मी विचारलं.

"तुम्हाला घरी गाडी धुवायचीय ना? हे एकशे ऐंशी बार दाबाचं आहे. एवढ्या जोरात फरशीवरचं शेवाळ निघतं. गाडीला शंभर-एकशेवीस खूप झालं. ते बघा, खालच्या फळीवरचं छोटं."

"ह्याला विक्रीतलं काही कळत नाही," मामा मला म्हणाले.

"कळतं ना. तुम्ही विकता तेच आठ दिवसांनी माझ्याकडे येतं."

मी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. दिवसभर लोकांना विचारते, 'हे स्पष्ट दिसतं, की हे?' त्यामुळे दोन गोष्टींतली एक निवडायची म्हणजे काय, हे मला चांगलं ठाऊक आहे, असा माझा समज होता. शिवाय मला कोणी 'घेऊ नका' म्हटलं की मी घेते. हा काही गुण नाही. पण आहे.

मी मोठं घेतलं.

"निदान लाल नोझल वापरू नका, त्याची धार सुईसारखी असते," तो मागच्या खोलीत परत जाता जाता म्हणाला. "पांढरं लावा, त्याचं पाणी पसरून पडतं. आणि दोन हात लांब उभ्या राहा..."

गाडी बाबांची होती. त्यांनी तीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूल चालवलं, आणि अर्ध्या गावाने ह्याच गाडीवर क्लच सोडायला शिकून घेतलं. दोन वर्षांपूर्वी बाबांना समोरचं मधोमध पुसट दिसू लागलं. कडेचं दिसतं, नेमकं जे बघायचं ते नाही. त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली आणि त्या विषयावर पुन्हा बोलले नाहीत. धुण्याच्या सेंटरवर मात्र गाडी पाठवू देत नव्हते. तिथल्या ब्रशने रंगावर चरे पडतात म्हणे. आणि बादली-फडक्याला त्यांची बोटं आता साथ देत नव्हती.

शनिवारी सकाळी मी मशीन लावलं. पांढऱ्या नोझलने चाकांवरचा चिखल जाईना, म्हणून लाल लावलं. चाकं लख्ख झाली. त्याच उत्साहात मी बॉनेटकडे वळले. एका जागी पक्ष्याची घाण वाळली होती. मी वाकून, वीतभर अंतरावरून, पाणी मारलं.

घाण गेली. तिच्यासोबत तळहाताएवढा रंगही गेला. खालचा राखाडी पत्रा माझ्याकडे बघत राहिला.

"कशी होतेय?" बाबांनी व्हरांड्यातून विचारलं.

"छान," मी म्हणाले.

सोमवारी मी दुकानात गेले. मामा नव्हते. भाचा एकटाच होता. मी काही बोलायच्या आत त्याने हातातला पाना खाली ठेवला.

"लाल?"

"...लाल."

"किती लांबून?"

मी वीत करून दाखवली. तो बराच वेळ छताकडे बघत राहिला.

"हसा एकदाचे."

"मी कुठे हसतोय?"

"हसताय."

"आतल्या आत हसतोय. त्याला मी काय करू?" मग एकदम गंभीर झाला. "तिथे आधी कधी नव्याने रंग दिला होता का? नुसत्या पाण्याने एवढा निघत नाही सहसा."

दिला होता. एका विद्यार्थिनीने गाडी भिंतीवर घातली होती तेव्हा.

"मग अर्धा दोष तिचा," तो म्हणाला. "रविवारी येतो. छोटं मशीन घेऊन येतो, मोठं परत नेतो. मामांशी मी बोलेन. आणि वडलांना..."

"त्यांना सांगायचं नाही."

तो रविवारी सायकलवर आला. कॅरियरला छोटं मशीन, पाठीवर रंगाचं सामान. आम्ही बॉनेटपाशी कुजबुजत होतो, तेवढ्यात बाबा आले. रोजच्यासारखे गाडीवरून हात फिरवत, मागच्या दिव्यापासून सुरुवात करून. हात बॉनेटवर आला आणि त्या जागी थांबला.

"चूक माझी आहे, काका," भाचा पटकन म्हणाला. "मशीन दाखवताना माझ्याच हातून..."

मला त्याचा राग आला. कोणी माझ्या वाटचा अपराध परस्पर उचलून न्यावा, हे मला चालत नाही.

"खोटं बोलतायत. मी उडवला रंग. गेल्या शनिवारी."

बाबांचं बोट त्या जागेच्या कडेवरून फिरलं.

"मला गेल्या रविवारीच लागला होता हाताला," ते म्हणाले. "आठ दिवस वाट बघतोय, सांगतेस कधी." मग माझ्याकडे वळून, "माझी नजर गेलीय गं. मी नाही गेलो."

मी 'छान' म्हणाले होते. त्या एका शब्दाची लाज मला गाडीच्या रंगापेक्षा जास्त वाटली. मी त्यांचा हात धरला. भाचा पलीकडे वळून एका डब्याचं झाकण उगाचच उघडबंद करत राहिला. हे मी पाहिलं, आणि लक्षात ठेवलं.

त्या दिवशी त्याने जागा घासून अस्तर दिलं. पुढच्या रविवारी रंग. त्याच्या पुढच्या रविवारी वरचा चकचकीत थर. मधल्या वेळात तो मला छोट्या मशीनने गाडी धुवायला शिकवायचा. आधी नुसतं पाणी, मग फेस, मग वरून खाली हलक्या हाताने मऊ कापड. नोझल धरायची पद्धत दाखवताना त्याने माझं मनगट धरलं, आणि मी शिकल्यानंतरही ते सोडायला अंमळ उशीर केला... मीही घाई केली नाही.

चौथ्या रविवारी तो पुन्हा आला. नुसती पॉलिश केली.

पाचव्या रविवारी मी विचारलं, "किती थर लागतात हो एकूण?"

"तीन."

"आज पाचवा रविवार आहे."

"हो," तो म्हणाला, "मीही मोजलेत." कानापर्यंत लाल झाला होता.

व्हरांड्यातून बाबांनी हाक मारली. "अरे, तुला गाडी चालवता येते का रे?"

"नाही, काका."

"गाड्या चमकवतोस आणि चालवता येत नाही? अगं, घेऊन जा त्याला मैदानावर. नजर असती तर मीच आज शिकवलं असतं."

अशा रीतीने तो स्टिअरिंगवर बसला आणि मी शेजारी. शिकवणाऱ्याच्या सीटपुढेही ह्या गाडीला ब्रेक आहे. मैदान मोकळं होतं, कडेला दोन माणसं कुत्रा फिरवत होती. तीनदा गाडी बंद पडली. चौथ्यांदा हलली. तो दोन्ही हातांनी चाक असं आवळून बसला होता, जणू ते कोणी काढून नेणार होतं.

"समोर बघा," मी म्हणाले.

"बघतोय. समोर बघूनच बोलतो, चालेल? तुमच्याकडे बघून जमणार नाही."

"बोला."

"पॉलिशची गरज नव्हती. चौथ्या रविवारी मी तुमच्यासाठी आलो होतो. आजही तुमच्यासाठीच आलोय. आणि खरं सांगायचं तर... तिसऱ्याही. मला तुम्ही आवडता. सहज बोलत नाहीये. लग्नाचं मनात धरून बोलतोय."

मी माझ्याकडचा ब्रेक दाबला. गाडी धक्का देऊन जागच्या जागी बंद पडली.

तो घाबरला. "काय झालं? काही चुकलं का माझं?"

"नाही," मी म्हणाले. "आता गाडी उभी आहे. माझ्याकडे बघ, आणि परत म्हण."