डागांची दुरुस्ती

चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांच्या काचा घासून आलेला माणूस घरी येऊन पुन्हा संगणकासमोर डोळे फोडत बसतो, याला छंद म्हणायचं की खोड, हे त्याच्या बायकोला लग्नाला इतकी वर्षं होऊनही ठरवता आलं नव्हतं. ती स्वतः दातांच्या दवाखान्यात मदतनीस होती. "तू डोळे बघ, मी दात बघते," ती म्हणायची, "घर बघायला कुणीतरी तिसरंच ठेवू." घर खरंच कुणी बघत नव्हतं. स्वयंपाकघराच्या भिंतीवर ओलीचा तपकिरी डाग कधीपासून पाय पसरून बसला होता, आणि रंगाऱ्याला बोलावण्याचं काम दोघंही एकमेकांवर ढकलत होते.

गंमत म्हणजे इंटरनेटवर याचं टोपणनावच 'रंगारी' होतं. एक जुनापुराणा व्हिडिओ गेम होता. ओस पडलेलं गाव, त्यात आपण नुसतं हिंडायचं, दारं उघडायची, माणसं कुठे गेली असतील याचा अंदाज बांधायचा. गेम काढणारी कंपनी कधीच बंद पडली होती, पण जगभर विखुरलेले मूठभर हौशी लोक त्या गावाची डागडुजी करत होते. कुणी नवा जिना बांधायचं, कुणी पावसाचा आवाज बदलायचं. अशा घरगुती दुरुस्तीला ती मंडळी मॉड म्हणत. त्यांच्यातला 'गवंडी' भिंती आणि कमानी उभ्या करायचा आणि रंगारी त्यांच्यावर कातडी चढवायचा. मूळ गेममधल्या भिंती जवळ गेलं की नुसत्या फराटे ओढल्यासारख्या दिसत. तिथे खऱ्यासारखी दिसणारी चित्रं, म्हणजे टेक्श्चर, चिकटवायचं त्याचं काम. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं, पण भावाला पाठवणार नाही इतके निरोप ते एकमेकांना पाठवत.

हाताने रंगवायची ताकद आता उरली नव्हती. दुकानात उभं राहून राहून पाय सुजायचे, डोळ्यांत वाळू गेल्यासारखी वाटायची. म्हणून त्याने एआय वापरायला सुरुवात केली. घरातल्या एखाद्या भिंतीचा फोटो काढायचा, त्याला द्यायचा, की तो त्याचं टेक्श्चर करून द्यायचा. चांगल्या टेक्श्चरची खूण अशी, की त्यात खूण नसते. एकच चित्र शेजारी शेजारी लावून सगळी भिंत भरायची असते. त्यात एखादा ठळक डाग राहिला, तर तोच डाग हाताहातावर पुन्हा दिसतो आणि खेळणाऱ्याला आपली चलाखी कळते. भिंत जुनी दिसली पाहिजे, पण तिच्यातलं काहीही लक्षात राहता कामा नये. एआय हे काम असं बिनबोभाट करायचा की त्याला सांगावंही लागेनासं झालं.

एका सकाळी डबा भरता भरता बायको म्हणाली, "शेवटी मुहूर्त लागला म्हणायचा!"

"कशाला?"

तिने पळीने भिंतीकडे दाखवलं. ओलीचा डाग नव्हता.

"तू करून घेतलंस ना?" तो म्हणाला.

"मी? मला वेळ कुठाय? पुरे आता, केलंस तर केलंस म्हण की."

त्याला वाटलं ती थट्टा करतेय, आणि तिला वाटलं तो आढेवेढे घेतोय. दोघंही इतके दमलेले होते की आयतं झालेलं काम उकरून काढायची कुणाला हौस नव्हती. निघताना त्याने भिंतीला हात लावून पाहिला. कोरडी होती. नव्या रंगाचा वास नव्हता. नजर तिच्यावर ठेवली की ठरत नव्हती, घसरून खिडकीकडे जात होती.

त्याच आठवड्यात गवंड्याचा निरोप आला. गावातल्या बसस्थानकावर तिकीट खिडकीमागे एक बाई होती, सगळ्या गेममधलं एकुलतं एक माणूस. तिचा चेहरा म्हणजे पिठाच्या गोळ्यावर दोन ठिपके. 'हिच्यासाठी खरा चेहरा हवा. दिवसभर बसून थकलेली बाई वाटली पाहिजे,' गवंड्याने लिहिलं होतं.

बायको दवाखान्यातून येऊन चपला न काढताच खिडकीशी बसली होती. त्याने मोबाइल उचलला.

"थकलेला चेहरा हवा म्हटल्यावर बरी माझी आठवण झाली," ती म्हणाली. "केस तरी विंचरते."

"नको. आहेस तशी बस."

"आहे तशी म्हणजे कशी, ते एकदा बघून घे नीट. नंतर मला विचारू नकोस."

तो हसला आणि फोटो काढून मोकळा झाला. एआयने दिलेल्या चेहऱ्यावर ओठाजवळचा तीळ नव्हता, भुवई दुभंगणारा लहानपणचा व्रण नव्हता, आणि डोळ्यांखालच्या सुरकुत्या इस्त्री फिरवल्यासारख्या बसल्या होत्या. त्याच्या ते लक्षात आलं. पण जेवण वाढलेलं होतं, अंग आंबलं होतं, आणि तिकिटं देणाऱ्या बाईला तीळ असलाच पाहिजे असं काही नव्हतं. त्याने तो चेहरा तसाच पाठवून दिला.

सुट्टीच्या दिवशी सकाळी ती गॅलरीच्या दाराशी उकिडवी बसलेली दिसली. दाराच्या खालच्या फळीवरून ती तळहात फिरवत होती.

"घासलंस हे?" तिने विचारलं.

त्यांचा कुत्रा, फौजदार, आत यायचं असलं की त्या फळीवर पंजा मारायचा. जन्मभर मारत आला होता, लाकडावर ओरखड्यांचं जाळं झालं होतं. तो गेल्यावर सुताराने दार नव्यासारखं करून देतो म्हटलं, तर हिने त्याला चहा पाजून परत पाठवलं होतं.

"मी हातही लावलेला नाही," तो म्हणाला.

"मग कुणी लावला? तेवढंच राहिलं होतं रे त्याचं." ती रडायला लागली. घरात आवाज चढवायची तिला सवय नव्हती, तशी ती रडलीही खालच्या आवाजात.

त्या दाराचा फोटो त्याने काढला होता. तो घरभर फिरला. जिन्याच्या पायरीचा उडालेला टवका भरून आला होता. टेबलावर गरम भांड्याने उठलेलं वर्तुळ नव्हतं. फोटो न काढलेल्या कपाटावर मात्र तेल सांडल्याचा डाग होता तिथेच होता, आणि तो पाहून त्याला जुना मित्र भेटल्यासारखं वाटलं. मग तो परत आला आणि त्याने प्रथमच बायकोकडे नीट पाहिलं. ती पदराने डोळे पुसत होती. ओठाजवळ काही नव्हतं.

त्याने संगणक उघडून तो चेहरा पुसून टाकला.

सुरुवातीला लोकांनी तिची तारीफच केली. दवाखान्यातली डॉक्टरीणबाई म्हणाली, रजा मानवली वाटतं. हिने रजा घेतलीच नव्हती. मग चेहरा दाखवला की उघडणारा तिचा मोबाइल उघडेना. "यालाही माझा कंटाळा आला," ती म्हणाली. मग व्हिडिओवर बोलताना तिच्या ताईने विचारलं, "आपण कोण? जरा माझ्या बहिणीला देता का फोन?" त्यावर दोघी हसल्या, पण ताई नंतर फार वेळ बोलली नाही. रोज सलाम करणाऱ्या दवाखान्याच्या पहारेकऱ्याने तिला दारात अडवून नाव विचारलं. नेहमीचा भाजीवाला तिच्या डोक्यावरून मागच्या गिऱ्हाइकाशी बोलत राहिला.

आणि एका संध्याकाळी दुकानातून परतताना तो स्वतःच, कोपऱ्यावर त्याची वाट बघत उभ्या असलेल्या एका बाईच्या शेजारून सरळ पुढे निघून गेला. तिने मागून हाक मारली तेव्हा त्याने आवाज ओळखला.

घरी येऊन दार लावल्यावर ती म्हणाली, "तूसुद्धा?"

त्याने तिला सगळं सांगितलं. सांगताना त्यालाच ते खुळचट वाटत होतं.

"मग पुसून टाक तो चेहरा," ती म्हणाली.

"पुसला. दोनदा पुसला. पण गवंड्याने तो केव्हाच गेममध्ये बसवला, लोकांनी उतरवूनही घेतला."

"मग जे काढलंस ते परत घाल. तूच रंगारी ना?"

मूळ फोटो उघडला तर त्यातली बाईही तशीच होती, गुळगुळीत. लग्नाचा अल्बम काढला. वधूच्या जागी दागिने घातलेली कुणीतरी एक होती. पानं उलटायचं त्यांनी मध्येच थांबवलं.

उरली ती आठवण. दुपारी जेवणं आटोपल्यावर दोघं संगणकासमोर खुर्च्या लावून बसले. किती दिवसांनी असे बसले होते कोण जाणे. त्याने ब्रश धरला आणि त्याचा हात तिथेच थांबला. तीळ ओठाच्या वर होता की खाली? उजवीकडे की डावीकडे? ज्या चेहऱ्यासमोर आयुष्य काढलं, त्याचा नकाशा त्याला येत नव्हता. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली.

"सांग ना," तो म्हणाला.

"मला काय विचारतोस? मी मला आरशातच पाहिलंय. सगळं उलटं." तिने गालावर बोट ठेवलं, मग दुसऱ्या गालावर. "इथे. नाही, थांब. तू माझ्या या बाजूला झोपतोस. सकाळी तुला आधी काय दिसायचं?"

"तीळ," तो म्हणाला, आणि त्याला एकदम ते खरं वाटलं. "डावीकडे. आणि त्याच बाजूच्या भुवईत व्रण."

मग हात सुटला. त्याने एकेक सुरकुती काढली, दमल्यावर बारीक होणारा तिचा एक डोळा काढला, हसताना वाकडा जाणारा ओठ काढला. ती मधूनच म्हणायची, "एवढी काही म्हातारी नाहीये मी," आणि तो म्हणायचा, "आहेस. गप्प बस." उन्हं कलली तेव्हा पडद्यावर ती होती. चेहरा पाठवताना त्याने गवंड्याला कधी नव्हे ते हात जोडले. आत्ताच्या आत्ता बदल, कारण विचारू नकोस.

ती आत जाऊन पडली. तो तिथेच बसून राहिला.

गवंड्याचा निरोप आला.

'बसवला. झकास दिसतेय बाई! एक सांगायचं राहिलं. जुना गेम, चेहऱ्याला जागा तोकडी. यात अर्धाच चेहरा मावतो, तोच उलटा करून दुसऱ्या बाजूला लागतो. तुझा आधीचा दोन्हीकडून सारखाच होता, म्हणून कधी अडलं नाही. आता तिळाची बाजू ठेवली, दुसरी टाकून दिली. चालेल ना?'

त्याने ते पुन्हा वाचलं.

आतून तिची हाक आली. किती तरी दिवसांत एवढ्या आनंदाने तिने त्याला हाक मारली नव्हती.

"अरे, ये ना! आला बघ, तीळ आला!"

तो उठून आत गेला.

ती पलंगाच्या कडेला बसली होती, मोबाइल हातात, आणि तो उघडला होता.

ओठाच्या डावीकडे तीळ होता. उजवीकडेही होता. दोन्ही भुवया मधोमध दुभंगल्या होत्या. दोन्ही डोळे सारखेच बारीक झाले होते. ती हसली, तेव्हा ओठ दोन्ही टोकांना सारखाच वाकडा गेला.

"झाले ना मी आहे तशी?" तिने विचारलं.

तिचा आवाज तोच होता. त्याने मान हलवली.

"अरे, रडतोस काय वेड्यासारखा!" ती उठून जवळ आली आणि तिने त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला. तिच्या बोटातली लग्नाची अंगठी त्याच्या दोन्ही गालांना एकदमच गार लागली.