चार खळगे

आकाशातून पडलेले दगड विकणं हा माझा धंदा. नवरा असला दगड घरी नेतो तेव्हा बायको कपाळाला हात लावते. तो म्हणतो, अगं, हा पृथ्वीपेक्षा जुना आहे. हौशी गिऱ्हाईक आधी काळी साल बघतं. हवेतून येताना दगडाचा वरचा थर वितळतो, त्याची ही साल, अंड्याच्या कवचाएवढी पातळ. मग बघतं खळगे. ओल्या मातीत बोटं दाबावीत तसे ते दिसतात. ज्याचे खळगे ठसठशीत, त्यावर उड्या पडतात.

माझी भाची तापानं गेली तेव्हा सहा वर्षांची होती. मग ताई रोज दुपारी दुकानात येऊन बसायला लागली. एकदा तिनं मुठीएवढा दगड उचलला. त्यावर ओळीनं चार खळगे होते.

"ही तिची बोटं आहेत."

"ताई, हा दगड तिच्या जन्माआधीच पडलाय."

"असू दे रे. विकू नकोस."

मी विकला नाही. दगड हातात असला की तिला दोन घास जायचे. माझं काय जात होतं?

दोन वर्षांनी एका संग्राहकानं त्याच दगडाचा हट्ट धरला. दगड देणार नाही, म्हटलं, हवी तर हुबेहूब नक्कल करून देतो. दगड आला तेव्हाच मी त्याचा प्लॅस्टरचा साचा घेतला होता. त्यात दगड ठेवून पाहिला.

बसेना.

प्लॅस्टर आक्रसलं म्हणावं, तर बाकीच्या बाजू चपखल बसत होत्या. वजनात गुंजभर फरक नव्हता. फक्त खळगे लांब झाले होते, रुंद झाले होते, एकमेकांपासून सरकले होते; साच्यातले उंचवटे त्यांत जाईनात. तीनदा मोजले.

दुपारी ताई आली. तिला दाखवलं. तिला नवल वाटलं नाही.

"वाढतं वय आहे," ती म्हणाली. "गेल्या महिन्यात आठ पूर्ण झाली ना."

मी दगड उचलून घेतला. "ताई, दगड मी कुलपात ठेवतो. तू घरी जा. भावोजी एकटे असतात."

"मी कुठे धरून ठेवलंय?" ती हळूच म्हणाली. "तिनं सोडायला हवं."

मी तिचा हात हातात घेतला. बाही वर सरकली.

मनगटावर चार वळ होते. लहान बोटांचे.

मी बघत असतानाच ते आणखी खोल रुतले.

ताईनं हात सोडवून घेतला नाही.