वकिलीणबाईंचे हात

भर दुपारी ती घरातून निघाली ती अगदी साध्या कामाला. इस्त्रीवाल्याकडून वकिलीणबाईंचा निळा रेशमी पोशाख घ्यायचा, मामाच्या चित्रशाळेत जायचं, तो अंगावर चढवायचा आणि खुर्चीत बसायचं. नुसतं बसायला काय अक्कल लागते, असं तिची आई म्हणायची. पण दाराची कडी वाजली तरी दचकणाऱ्या मुलीला एका जागी बसवणं म्हणजे काय, ते एकट्या मामालाच ठाऊक.

मामा बायकांची चित्रं काढायचा. ऐटदार, उंच मानेच्या, रेशमात बुडालेल्या बायका. मोठमोठ्या घरांच्या दिवाणखान्यांतून त्या टांगलेल्या होत्या, आणि त्यांची एक गंमत फक्त घरच्यांना माहीत होती. त्या मामासमोर बसायच्या चेहऱ्यापुरत्याच. चेहरा झाला की त्यांना निरोप. मग त्यांचे कपडे घालून पुढचे दिवस बसायची ती मामी. म्हणजे वर चेहरे तऱ्हेतऱ्हेचे, पण गळ्याखाली सगळीकडे मामीच. त्या वेळी मामा गळ्याच्या वर नजर नेतच नसे. बसलेलीचा चेहरा बघितला की तो चित्रात शिरतो, म्हणायचा.

मामी गेली आणि मामाचा हात थांबला. वकिलीणबाईंचं चित्र गळ्याशीच अडलं. त्यात त्याच्या डोळ्यांवर पडदा चढायला लागलेला. "हे एवढं एक पुरं होऊ दे," तो भाचीला म्हणाला होता, "मग काही दिसलं नाही तरी माझी कुरकुर नाही." म्हणून ती बसत होती. पोशाख चित्रात जवळजवळ उतरला होता; आता हात तेवढे बाकी होते.

आज इस्त्रीवाल्याने घोळ घातला. कोळसा पेटता पेटेना. ती चित्रशाळेच्या जिन्याशी पोचली तोवर ऊन भिंतीवरून घसरायला लागलं होतं. मामा रागावणार म्हणून ती दोन-दोन पायऱ्या चढत वर गेली.

आत टर्पेंटाइनचा वास जड होऊन बसला होता. त्यात आणखी काहीतरी मिसळलं होतं, नुकत्याच धुतलेल्या केसांसारखं. खिडकीच्या पडद्यातून गाळून आलेला उजेड, त्यात संथ तरंगणारी धूळ, आणि कॅनव्हासवर ब्रशची खसखस…

"मामा, उशीर झाला, तो इस्त्रीवाला…"

"उठलीस होय? बरं केलंस, जरा पाय मोकळे कर," मामा मान वर न करता म्हणाला. "आज काय छान बसलीस गं. एरवी तुझ्यापेक्षा माशी बरी."

ती दारातच उभी राहिली. चपला अजून पायात होत्या. पोशाख हातावर होता, घडी घातलेला, इस्त्रीने कोमट.

खुर्ची रिकामी होती.

ती हळूहळू चित्राजवळ गेली. वर वकिलीणबाई, नाक उडवून बसलेल्या. खाली निळं रेशीम, आणि रेशमावर टेकलेला उजवा हात. रंग ओला होता. भरलेला, थोराड हात; पेरं किंचित सुजलेली, करंगळी बाकीच्या बोटांपासून फटकून बसलेली, दिवाणखान्यांतल्या त्या सगळ्या चित्रांत असायची तशी. तिची स्वतःची बोटं काडीसारखी होती.

"मामा… हा हात…"

"का? चुकला?"

"नाही. असा… कसा काढलास?"

"मी काय मनाने काढतो? समोर दिसला तसा काढला." तो डोळे बारीक करून चित्राला जवळजवळ नाक लावून बघत होता. चेहरा कधी नव्हे तो सैल पडला होता. "हात चालला बघ आज. किती दिवसांनी… डावा राहिलाय फक्त. उजेड आहे तोवर बस."

सांगावं का? सांगितलं की मामाचा हात पुन्हा थांबणार, आणि मग कधीच चालणार नाही. आणि नाही सांगितलं, तर त्या खुर्चीत जाऊन बसायचं…

ती कपडे बदलायच्या आडोशामागे गेली. पोशाखाचे हूक पाठीवर होते. तिने हात मागे नेला, आणि कोणीतरी हूक तिच्या बोटांतून काढून घेतला. अगदी हलकेच. मग एकेक करत, खालून वर, सगळे लागत गेले. तिला मागे वळायचं होतं. मान वळेना.

"झालं का गं?" मामाने बाहेरून विचारलं.

"हो…"

आपणच म्हणालो, असं तिला वाटलं.

ती खुर्चीत बसली. दुपार पाण्याखाली असल्यासारखी निळसर झाली होती. डोळे मिटायला लागले, भीतीसुद्धा दूर कुठेतरी राहिली. मामाने ब्रश रंगात बुडवला, समोर बघितलं आणि थांबला.

"दोघी नका बसू गं," तो शांतपणे म्हणाला. "माझा गोंधळ होतो. एकजण उठा…"

रेशीम सळसळलं.

ती आडोशाशी उभी होती; खुर्चीतून कधी उठली, ते तिला आठवेना. पाय मुंग्यांनी भरलेले. समोर मामाचा ब्रश चालू झाला होता, आणि खुर्चीतलं निळं रेशीम श्वासाबरोबर वरखाली होत होतं. मग आपल्या अंगावर काय आहे, ते खाली बघायचं धाडस काही तिला झालं नाही.